न मोजलेली ऊर्जा : स्त्रिया, सरपण आणि धोरण

सरपण, गोवऱ्या आणि पिकांची धसकटे ही भारतातील ग्रामीण घरांची शतकानुशतकांची इंधने आहेत. १९६५ मध्ये ऊर्जा सर्वेक्षण समितीने आणि १९७४ मध्ये इंधन धोरण समितीने देशाच्या ऊर्जेचा हिशेब मांडला, तेव्हा या इंधनांना ‘अव्यापारी ऊर्जा’ हे सदर मिळाले. कोळसा, तेल आणि वीज यांना बाजारभाव होता, त्यामुळे त्यांचे आकडे हाताशी होते. सरपणाचा आकडा मात्र दरडोई वापराच्या अंदाजावरून काढावा लागे. त्या सरपणामागचे कष्ट कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. रानातून मोळी आणणे, शेण थापून गोवऱ्या वाळवणे, पऱ्हाट्या-तुराट्या रचून ठेवणे, पावसाळ्यापुरते कोरडे जळण राखणे आणि धुरात बसून रांधणे ही कामे बायकांची होती. घरातील ऊर्जा गोळा करणाऱ्या, साठवणाऱ्या आणि वापरणाऱ्या त्याच होत्या, पण देशाचे ऊर्जाधोरण त्यांना न विचारता ठरत होते. हे बदलण्यासाठी गेल्या अर्धशतकात गावोगावच्या स्त्रियांचे अनुभव, संशोधकांच्या मोजण्या आणि देशोदेशींच्या संस्था एकमेकींना जोडल्या गेल्या. त्या जोडणीतून प्रादेशिक जाळी उभी राहिली, आणि काही ठिकाणी त्यांचे म्हणणे सरकारी धोरणाच्या मसुद्यात उतरले.

बिनधुराची चूल

चूल सुधारण्याचे भारतातील संघटित प्रयत्न स्वातंत्र्याच्या आधीपासूनचे आहेत. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे घाणी, कागद, चरखा अशा ग्रामीण साधनांवर काम चाले. १९४० च्या दशकात मगनवाडीतून बाहेर पडलेली ‘मगन चूल’ याच परंपरेतली. तिची भट्टी मातीने बंदिस्त केलेली होती आणि धूर बाहेर नेण्यासाठी तिला धुराडे होते. १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका प्रसिद्ध केली आणि त्या प्रयोगशाळेची चूल देशभर माहीत झाली.

या चुलींमागचा हेतू बायकांच्या डोळ्यांतले पाणी थांबवण्याचा होता, पण त्यांचे आराखडे प्रयोगशाळेत ठरत होते. प्रत्यक्ष घरात चुलीकडून अपेक्षा बऱ्याच असतात. भाकरी तव्यावरून उतरवून आरावर शेकायची असते आणि बाजूच्या वैलावर कालवण किंवा दूध मंद आचेवर ठेवायचे असते. सकाळी काटक्या आणि संध्याकाळी गोवऱ्या असे जळण बदलत राहते. भांड्यांची तोंडे लहानमोठी असतात. बंदिस्त चुलीला ठरावीक मापाची भांडी आणि बारीक चिरलेली लाकडे लागत. धुराडे वेळोवेळी साफ केले नाही तर धूर पुन्हा घरात भरे. अशा चुली अनेक घरांत बसल्या आणि काही काळाने त्यांची तोंडे फोडून रुंद केली गेली किंवा त्या अडगळीत गेल्या. वापरणारीला विचारल्याखेरीज केलेली सुधारणा टिकत नाही, हा धडा त्यांतून मिळाला. पुढची तीन दशके तो वेगवेगळ्या कार्यक्रमांत पुन्हा पुन्हा शिकावा लागला.

तेलटंचाई आणि सरपणटंचाई

१९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि ऊर्जा हा जगभर राजकारणाचा पहिला विषय झाला. १९७५ मध्ये संशोधक एरिक एकहोम यांनी ‘दुसरे ऊर्जासंकट’ या नावाने सरपणाच्या टंचाईकडे लक्ष वेधले. गरीब देशांतील बहुसंख्य लोकांसाठी ऊर्जासंकट म्हणजे पेट्रोल पंपावरची रांग नव्हे, तर दरवर्षी लांब जाणारे रान आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

भारतात ही गोष्ट गढवालच्या स्त्रियांनी कृतीने सांगितली. २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावात पुरुष गावाबाहेर असताना गौरादेवी आणि त्यांच्यासोबतच्या स्त्रियांनी झाडांना कवटाळून तोड रोखली. या ‘चिपको’ आंदोलनाची ओळख पर्यावरणाची चळवळ अशी झाली. त्या स्त्रियांसाठी जंगल हे सरपण, चारा आणि पाण्याचे कोठार होते, म्हणून ते आंदोलन ऊर्जेबद्दलचेही होते.

त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ए. के. एन. रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. त्यांच्या गटाने कर्नाटकातील पुरा या खेड्यातील ऊर्जेचा घरोघर फिरून हिशेब केला. त्यात लाकूड, केरोसीन आणि वीज यांच्या बरोबरीने बैलांचे आणि माणसांचे श्रमही ऊर्जा म्हणून मोजले गेले. गावातील मानवी श्रमाच्या ऊर्जेत निम्म्याहून अधिक वाटा स्त्रियांचा निघाला. सरपण, पाणी, स्वयंपाक आणि शेती यांत तो वाटला गेलेला होता. पुढे या गावात सामूहिक गोबरगॅस संयंत्र उभे राहिले. आधी त्यातून स्वयंपाकासाठी गॅस देण्याचा बेत होता, पण तेवढा गॅस निघेना. १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून घरोघर नळाचे पाणी आणि दिवे देण्यात आले. स्वयंपाकाचा प्रश्न तसाच राहिला, मात्र पाण्याच्या खेपा वाचल्या.

श्रमाला ऊर्जा म्हणून मोजण्याचा अर्थ मराठी घरांना जात्यावरून सहज कळण्यासारखा आहे. गिरणी गावात येण्याआधी घरचे पीठ भल्या पहाटे बायकांच्या दंडातल्या बळावर निघे. ते बळ ओव्यांमध्ये नोंदले गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या पुढाकाराने पुण्यात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. ऊर्जेच्या एकाही सरकारी तक्त्यात मात्र त्या बळाची नोंद नाही. पिठाची गिरणी हे ग्रामीण स्त्रीच्या वाट्याला आलेले यांत्रिक ऊर्जेचे बहुधा पहिले साधन होते. पश्चिम आफ्रिकेतील मालीमध्ये १९९० च्या दशकात हीच गोष्ट धोरणाचा पाया ठरली. तेथे एका डिझेल इंजिनाला दळणाची आणि सडण्याची यंत्रे जोडून ‘बहुउद्देशी मंच’ तयार केले गेले, आणि मंचाची मालकी गावातील स्त्रियांच्या संघटनेकडे असावी अशी अट घालण्यात आली.

धूर मोजला गेला

चंडीगडजवळच्या नाडा गावात १९८० मध्ये मधू सरीन यांनी गावातील बायकांसोबत बसून चुलीचा आराखडा तयार केला. घरातील भांडी, बसण्याची पद्धत आणि जळण पाहून चूल घरागणिक बदलता येत होती. ती बांधण्याचे काम गावातल्याच स्त्रियांना शिकवले गेले. ‘नाडा चूल’ या नावाने ती ओळखली गेली. वापरणारी आणि घडवणारी एकच असली की दुरुस्तीसाठी बाहेर पाहावे लागत नाही, हे तिने दाखवले.

पुढच्याच वर्षी संशोधक किर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील काही खेड्यांत रांधणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी छोटी यंत्रे बांधली. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या श्वासात जाणारी धूळ शहरी हवेसाठी मान्य असलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट भरली. त्यापूर्वी धूर हा बायकांच्या नशिबाचा भाग मानला जाई, आता तो आजाराचे मोजता येणारे कारण झाला. या मोजणीतून वाढलेल्या संशोधनाच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज मांडला की घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख लोकांचा अकाली मृत्यू झाला.

भारत सरकारने १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग स्थापन केला. १९८३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम पुढे देशभर पसरला आणि २००२ पर्यंत त्याखाली सुमारे साडेतीन कोटी चुली बसवण्यात आल्या. आकडा मोठा होता, पण यश बसवलेल्या चुलींवरून मोजले जात होते, पेटणाऱ्या चुलींवरून नव्हे. उद्दिष्टपूर्तीच्या घाईत घराघरांतला फरक विसरला गेला आणि मातीच्या चुली दोन-तीन वर्षांत निकामी होऊ लागल्या.

अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी १९८६ मध्ये या प्रश्नाचे मूळ तंत्रज्ञानापलीकडे दाखवले. त्यांच्या मांडणीनुसार नवी चूल घ्यायची की नाही, हे घरातल्या पैशावर ज्याचा हात असतो तो ठरवतो. धूर ज्या स्त्रीला सोसावा लागतो, तिच्या हाती तो पैसा नसतो. तिचा वाचलेला वेळ रोकड नसल्यामुळे हिशेबात धरला जात नाही. गायरान आणि जंगल खासगी किंवा सरकारी कुंपणाआड गेले की सर्वांत लांबची वाट तिच्याच वाट्याला येते. चुलीचा प्रश्न अशा रीतीने जमीन, पैसा आणि निर्णय यांच्या मालकीचा प्रश्न ठरला, आणि त्याचे उत्तर चुलीच्या मिस्त्रीपेक्षा धोरणकर्त्याकडे मागायला हवे हे स्पष्ट झाले.

परिषदांपासून जाळ्यांपर्यंत

ऑगस्ट १९८१ मध्ये नैरोबीला नव्या आणि पुनर्नव्य ऊर्जास्रोतांविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली. १९८५ मध्ये त्याच शहरात तिसरी जागतिक महिला परिषद भरली आणि तिच्या अंतिम दस्तऐवजात ऊर्जेला स्वतंत्र जागा मिळाली. अशा परिषदांत निरनिराळ्या देशांत एकटीदुकटीने काम करणाऱ्या स्त्रिया भेटत, पण परिषद संपली की संपर्क तुटे.

आशियात सुधारित चुलींवर काम करणाऱ्या संस्थांनी १९९१ मध्ये इंडोनेशियातील योग्यकर्ता येथून प्रादेशिक चूल कार्यक्रम चालवायला सुरुवात केली. त्यातून एका देशातला अनुभव दुसऱ्या देशात पोचू लागला. हे जाळे मुख्यतः तंत्राचे होते. धोरणावर लक्ष असलेले जाळे १९९५ च्या बीजिंग महिला परिषदेच्या सुमारास जन्मले. बीजिंगच्या कृती आराखड्यात बारा चिंताक्षेत्रे होती आणि ऊर्जा त्यांपैकी एक नव्हती. पर्यावरणाच्या प्रकरणात एका पोटकलमात मात्र पवन, सौर आणि जैविक ऊर्जेची साधने स्त्रियांना समान हक्काने मिळावीत, त्यासाठी स्थानिक आणि राष्ट्रीय ऊर्जा नियोजन सहभागाने व्हावे, असे म्हटले होते. एवढाच धागा पकडून त्याच वर्षी ‘एनर्जिया’ हे आंतरराष्ट्रीय जाळे सुरू झाले.

एनर्जियाच्या आरंभीच्या काळात नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातील जॉय क्लॅन्सी आणि मार्गारेट स्कुच, तसेच ऊर्जा-अर्थतज्ज्ञ एलिझाबेथ सेसेल्स्की यांचा मोठा वाटा होता. पुढे दीर्घकाळ त्याची धुरा झांबियाच्या शीला ओपाराओचा यांनी वाहिली. पहिले साधन साधे होते, ते म्हणजे वार्तापत्र. १९९६ पासून निघणाऱ्या या वार्तापत्रात आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील अनुभव छापले जात. त्यानंतर आफ्रिका आणि आशियात देशनिहाय संपर्ककेंद्रे आणि प्रादेशिक समन्वय उभा राहिला. प्रत्येक देशातील संस्थेने आपल्या ऊर्जाधोरणाचे लिंगभावाच्या दृष्टीने परीक्षण करायचे, शेजारच्या देशांशी ते ताडून पाहायचे आणि मंत्रालयापुढे ठेवायचे, अशी ही पद्धत होती. बोट्स्वाना, सेनेगल आणि केनिया यांसारख्या देशांत अशी परीक्षणे झाली. धोरणात ‘घर’ हा शब्द आला की त्यात कोणाचे श्रम लपतात, अनुदान कोणाच्या नावावर जमा होते आणि प्रशिक्षणाला कोणाला बोलावले जाते, असे साधे प्रश्न त्यांत विचारले गेले.

२००० मधील सहस्रक विकास उद्दिष्टांत ऊर्जेचे स्वतंत्र उद्दिष्ट नव्हते. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास आयोगाने ऊर्जेवर पहिल्यांदा सविस्तर चर्चा केली, तेव्हा या जाळ्याने स्त्रियांची बाजू एकत्रित निवेदनाच्या रूपात मांडली. शाश्वत विकासावरील २००२ ची जोहान्सबर्ग परिषद आणि २००६-०७ मधील आयोगाची ऊर्जेवरील सत्रे यांत हे काम चालू राहिले. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत सातवे उद्दिष्ट ऊर्जेचे आले आणि स्वच्छ इंधनावर रांधणाऱ्या लोकसंख्येचे प्रमाण हा त्याचा एक निर्देशांक ठरला. चूल त्या निर्देशांकाच्या रूपाने जागतिक तक्त्यात पोचली.

दक्षिण आशियातील अनुभव

नेपाळमध्ये १९९६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण ऊर्जा विकास कार्यक्रमाने छोट्या जलविद्युत प्रकल्पांसाठी गावात स्त्रियांची आणि पुरुषांची वेगवेगळी संघटना करण्याचा नियम ठेवला. प्रत्येक घरातून एक बाई आणि एक पुरुष सभासद असल्यामुळे वीज कधी चालू ठेवायची, दर किती असावा, या चर्चेत स्त्रियांना बोलण्याची हक्काची जागा मिळाली. नेपाळच्या २००६ च्या ग्रामीण ऊर्जा धोरणात स्त्रियांवरचा भार कमी करण्याचा विचार आला, त्यामागे असा प्रत्यक्ष अनुभव होता.

बांगलादेशात पटुआखाली जिल्ह्यातील चर मोंताज या बेटावर स्त्रियांच्या सहकारी संस्थेने विजेरीवर चालणारे दिवे जोडण्याचे आणि विकण्याचे काम केले. वीजवाहिनी जिथे पोचणे अवघड होते, तिथे त्या ऊर्जेच्या उत्पादक बनल्या. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रामीण शक्ती’ने पुढे सौरसंच जोडणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या स्त्री तंत्रज्ञ तयार केल्या. श्रीलंकेत कुंभार कुटुंबांनी घडवलेली ‘अनगी’ ही दोन भांड्यांची मातीची चूल बाजारात स्वतःच्या बळावर विकली गेली. राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजमध्ये अल्पशिक्षित आणि निरक्षर स्त्रिया सौर तंत्रज्ञ झाल्या, आणि नंतर आफ्रिकेतील खेड्यांमधून आलेल्या स्त्रियांनीही तेथे तेच शिक्षण घेतले. नेपाळचा नियम, बांगलादेशातील सहकारी संस्था आणि तिलोनियाचे प्रशिक्षण हे अनुभव जाळ्यांमधून एकमेकांपर्यंत पोचले. त्यामुळे स्त्रियांना ‘लाभार्थी’ न मानता व्यवस्थापक, विक्रेत्या आणि तंत्रज्ञ मानण्याची भाषा सर्वत्र रुजली.

महाराष्ट्राचा वाटा

महाराष्ट्रात या कामाचे एक केंद्र पुण्यातील ‘आरती’, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारी संस्था आहे. आनंद कर्वे यांनी ती १९९६ मध्ये सुरू केली. संस्थेने चुलींचे साचे तयार करून गावातील कारागिरांना चूल हा व्यवसाय म्हणून शिकवला, त्यामुळे अनुदान संपल्यावरही चूल विकत मिळण्याची सोय झाली. उसाच्या फडात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी २००२ मध्ये आरतीला ॲशडेन पुरस्कार मिळाला. प्रियदर्शिनी कर्वे यांनी या विषयाचे तांत्रिक आणि धोरणात्मक लेखन-संशोधन पुढे नेले.

मराठवाड्यातली वाट वेगळी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत घरबांधणीच्या कामावर देखरेख करण्यासाठी गावोगावच्या बायका संघटित झाल्या. त्यांतून प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ उभा राहिला. बचत गटांतील स्त्रियांनी २००६ नंतर धूर कमी करणाऱ्या चुली, आणि पुढे सौरदिवे व इतर साधने गावात विकण्यास सुरुवात केली. शेतातील टाकाऊ मालापासून केलेल्या इंधनगोळ्यांवर चालणारी चूल अनेकींनी आवडीने घेतली. कच्च्या मालाचे भाव वाढले आणि गोळ्या महागल्या, तशा त्या चुली मागे पडल्या. बाईला चूल आवडणे आणि इंधन परवडणे या दोन्ही गोष्टी एकत्र जमल्या तरच बदल टिकतो, हे त्यातून पुन्हा स्पष्ट झाले. २०१७ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी घरातील स्त्रीच्या नावे देण्याचा नियम केला. योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बचत गटांच्या मेळाव्यात देण्यात आली. जोडणी स्त्रीच्या नावे देणे हा चार दशकांच्या मागणीचा ठळक विजय होता. तरीही या घरांत अनेक वर्षे वर्षाला सरासरी चारहून कमी सिलिंडर भरले गेले. पुन्हा भरण्याचा पैसा कोणाच्या हाती, हा बीना अगरवाल यांचा प्रश्न इथेही कायम राहिला. अनेक घरांत चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, तर भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर अशी वाटणी झाली.

प्रादेशिक धोरण : पश्चिम आफ्रिका

प्रादेशिक जाळ्यातून धोरण प्रत्यक्ष कायद्याच्या पातळीवर पोचल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पश्चिम आफ्रिकेतले आहे. तेथील तेव्हाच्या पंधरा देशांच्या आर्थिक समुदायाने, इकोवासने, २०१० मध्ये केप व्हर्डेच्या प्राया शहरात पुनर्नव्य ऊर्जेचे प्रादेशिक केंद्र उघडले. २०१३ मध्ये या केंद्राने स्त्रियांच्या सहभागासाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. देशोदेशींच्या मंत्रालयांतील अधिकारी, स्त्री उद्योजिका आणि संशोधक यांच्या बैठकांमधून धोरणाचा मसुदा तयार झाला आणि २०१७ मध्ये राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेने तो स्वीकारला. त्यासोबत ऊर्जाप्रकल्प मंजूर करण्याआधी त्याचा स्त्री-पुरुषांवर वेगवेगळा परिणाम काय होईल हे तपासण्याचा निर्देशही आला. ऊर्जेच्या क्षेत्रात असे प्रादेशिक धोरण करणारा हा जगातील पहिला समुदाय मानला जातो. पूर्व आफ्रिकेत केनियाच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१९ मध्ये लिंगभावविषयक स्वतंत्र धोरण जाहीर केले.

त्याच वर्षी दक्षिण आशियात वीजक्षेत्रात काम करणाऱ्या स्त्री अभियंत्या आणि वीजकंपन्या यांचे ‘वीपॉवर’ हे जाळे जागतिक बँकेच्या पुढाकाराने सुरू झाले आणि त्याची पहिली परिषद काठमांडूत भरली. आधीच्या जाळ्यांचा भर चुलीवर आणि गावावर होता. या जाळ्याचा भर वीजकेंद्रातील, उपकेंद्रातील आणि संचालक मंडळातील स्त्रियांवर आहे. आंतरराष्ट्रीय पुनर्नव्य ऊर्जा संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत जगातील पुनर्नव्य ऊर्जाक्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण ३२ टक्के आढळले, तर तेल आणि वायू उद्योगात ते २२ टक्के होते.

जगात आजही सुमारे २ अब्ज लोक धुराच्या इंधनावर रांधतात. शाश्वत विकासाच्या सातव्या उद्दिष्टाचे निर्देशांक घर आणि लोकसंख्या मोजतात. त्या घरात जळण कोण आणते, त्यासाठी किती तास जातात आणि इंधनाचा निर्णय कोण घेते, याची नोंद त्यांत स्वतंत्रपणे होत नाही. १९६५ चे ‘अव्यापारी ऊर्जा’ हे सदर मागे पडले, पण त्यामागची उणीव पूर्ण भरून निघालेली नाही. जिथे ती भरली गेली, तिथे आधी श्रमाची मोजणी झाली, मग अनुभव सीमेपलीकडे पोचले आणि शेवटी नियमात स्त्रीचे नाव, स्त्रीचे मत किंवा स्त्रीची मालकी लिहिली गेली. पुरा गावातील हिशेब, नाडाच्या बायकांची चूल, नेपाळमधील घरटी दोन सभासदांचा नियम आणि प्रायात तयार झालेला मसुदा हे याच प्रवासाचे टप्पे आहेत.